वाचक विचारतात: नव्या एम-फाइव्हला नावं ठेवायची का नाही?

या खेपेला आलेल्या प्रश्नांतले निम्म्याच्या वर एकाच गाडीवर आहेत, बीएमडब्ल्यूची नवी एम-फाइव्ह. सांगली-साताऱ्यात ही घेणारे किती निघतील देव जाणे, पण तिच्यावरनं भांडणारे पैशाला पासरी आहेत आणि भांडणात मजा पण आहे, म्हणून यावेळचं सदर सगळं तिलाच देऊन टाकलंय. बाकीच्यांचे क्लचप्लेट आणि सीएनजीचे प्रश्न पुढच्या अंकात, रागावू नका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एम-फाइव्ह म्हणजे बीएमडब्ल्यूच्या फाइव्ह सिरीज सेडानचा पैलवान भाऊ, १९८५ पासून चालत आलेला. नवी पिढी जून २०२४ मध्ये दाखवली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्याकडं आली, शोरूम किंमत १ कोटी ९९ लाख. ४.४ लिटरचं दोन टर्बोवालं (टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचंच इंजिन ठेवलं पण त्याच्या जोडीला पहिल्यांदाच विजेची मोटर आणि चार्जिंगची बॅटरी दिली, दोन्ही मिळून ७२७ हॉर्सपॉवर आणि १००० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर. आणि वजन साधारण २४३५ किलो. भांडण सगळं या शेवटच्या आकड्यापासनं सुरू होतं.

प्रश्न : सर, आधीची एम-फाइव्ह कॉम्पिटिशन ६२५ हॉर्सपॉवरची होती, ती शून्यावरनं शंभरच्या स्पीडला ३.३ सेकंदात जायची. नवी ७२७ ची असून ३.५ सेकंद घेते. शंभर घोडे वाढवून गाडी स्लो केली? कंपनी आपल्याला येड्यात काढतीय का? – इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, मिरज

येड्यात काढत नाही, वजन वाढलंय. तू इंजिनिअरिंगला आहेस तर भागाकार करून बघायचास की राव. जुनी १८९५ किलोच्या आसपास, म्हणजे एका टनाला ३३० घोडे. नवीत एका टनाला २९९ येतात. घोडे वाढले पण ओझं त्याहून जास्त वाढलं, अर्ध्या टनाच्या वर. आपल्या पुढाऱ्यांची लाडकी फॉर्च्युनर असते ना, तिच्यापेक्षा ही सेडान जड आहे, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी आकडा परत तपासला होता.

आता शंभरपर्यंतचे ते दोन पॉइंट सोडून दे, ते रस्त्यावर कुणालाच कळत नाहीत. दोनशेपर्यंत जुनी १०.८ आणि नवी १०.९, म्हणजे बरोबरीच. उलट अर्ध्या स्पीडला पाय दाबला की नवी जास्त चटकन उसळी घेते, कारण टर्बोला फुगायला जो क्षणभर वेळ लागतो तेवढ्यात मोटर ढकलून देते. मोटर गिअरबॉक्सच्या पोटातच बसवलीय आणि तिच्या पुढं एक छोटा गिअरसंच टाकलाय, त्यामुळं मोटरचा २८० न्यूटन मीटरचा जोर आत जाताना ४५० होतो. हे काम भारी केलंय, मान्य करायला पाहिजे.

पण वजन कुठं नडतं ते सांगतो. पळवताना नाही, थांबवताना. पसरणी घाट पाचगणीकडनं वाईला उतरताना डोळ्यापुढं आण, एकामागं एक वळण, प्रत्येक वळणाच्या आधी ब्रेक. त्याच स्पीडवरनं थांबवायला नव्या गाडीला जुनीपेक्षा २८ टक्के जास्त ऊर्जा जिरवावी लागते, हे सरळ गणित आहे, त्यात ब्रँडची काही जादू चालत नाही. थोडी मोटर खाते आणि बॅटरीत भरते, राहिलेली डिस्कला आणि टायरला. मागची चाकंही थोडी वळतात त्यामुळं वळणात गाडी आहे त्यापेक्षा लहान वाटते असं चालवणारे सांगतात, पण टायरला कोण फसवणार, तो झिजायचा तेवढा झिजणारच. तेव्हा वजनावरनं जे बोंबलतायत ते बरोबर बोंबलतायत, माझं मत त्यांच्या बाजूनं आहे.

प्रश्न : मी जुन्या एम-फाइव्हचा जबरा फॅन, भिंतीवर फोटो लावलेला. नवीचं तोंड बघून जेवण गेलं नाही. लाइट लागणारी ग्रिल, फुगलेल्या कमानी, मागं केवढा तो डिफ्यूझर. डिझायनर लोकांना झालंय काय? – सातारा

भाऊ, जेवण करून घ्या आधी.

तुमचा फोटो कुठल्या पिढीचा ते तुम्ही लिहिलं नाही, पण माझा अंदाज नव्वदीच्या शेवटी आलेली ती साधी गोल-गरीब दिसणारी, ४०० हॉर्सपॉवर, हातानं गिअर टाकायचा. ती सगळ्यांनाच आवडते, मलाही. पण तिच्या पुढचीचं काय झालं होतं ते आठवतंय का? ख्रिस बँगल नावाचा अमेरिकन माणूस तेव्हा बीएमडब्ल्यूच्या डिझाइनचा मुख्य होता. २००१ ची सेव्हन सिरीज आणि तिच्या मागोमाग आलेली फाइव्ह सिरीज बघून लोकांनी कपाळावर हात मारला, डिक्कीवरनं चेष्टा केली, याला नोकरीवरनं काढा म्हणून इंटरनेटवर सह्यांची मोहीम चालवली. ती फाइव्ह सिरीज पुढं दहा लाखांच्या वर खपली. आणि तिची एम-फाइव्ह, ५०७ हॉर्सपॉवरची, दहा सिलिंडरची, आठ हजाराच्या वर आरपीएमला किंचाळणारी, तिच्यासाठी आज तीच मंडळी जीव टाकतात. तेव्हा नाकं मुरडली ती कुणालाच आठवत नाहीत.

बरं तिथंच थांबलं का, नाही. २०११ ला दहाचे आठ सिलिंडर झाले आणि टर्बो आला तर 'आत्मा मेला' म्हणून रडारड, आणि त्यात इंजिनाचा आवाज आतल्या स्पीकरमधनं ऐकवायचा उद्योग केला होता, त्याच्यावरनं झालेली टिंगल मात्र रास्त होती. २०१७ ला पहिल्यांदा चारी चाकांना ताकद दिली तर 'आता ही एम-फाइव्ह राहिली नाही' म्हणून परत शिमगा, वर्षभरात तीच सगळ्यात चांगली एम-फाइव्ह ठरली. आता प्लगवाली आलीय. दर पिढीला हे होतं आणि दर पिढीला आधीची गाडी अचानक सुंदर होते.

नवी मी पुण्यात उभी असलेली जवळनं बघितलीय. फोटोत जी कमान फुगल्यासारखी वाटते ती समोर तशी वाटत नाही. पुढं ७५ मिलीमीटर आणि मागं ४८ मिलीमीटर रुंदी वाढवलीय साध्या फाइव्ह सिरीजपेक्षा, आणि मागच्या चाकावरनं हात फिरवला की पत्रा कसा बाहेर ओढत नेलाय ते बोटाला कळतं, चिकटवलेलं प्लास्टिक नाही. समोरची ग्रिलसुद्धा एम-थ्रीच्या त्या दोन उभ्या नाकपुड्यांपुढं सोज्वळच म्हणायची. पण मागच्या बंपरच्या खालचं काळं प्लास्टिक, तुमचा तो डिफ्यूझर, मलाही जास्तच वाटलं, आणि आत एसीची बटणं काढून स्क्रीनमध्ये घातलीयत त्याला मी शिव्याच घालीन. उन्हाळ्यात सांगलीत गाडीत बसल्यावर माणसाला पहिलं काय पाहिजे असतं, गार वारा, त्याच्यासाठी काच चोळत बसायचं?

प्रश्न : माझं चाळीस वर्षांचं गॅरेज आहे. मला एवढंच सांगा, पळवायच्या गाडीत बॅटरी घालायची गरजच काय? ज्याला दोन कोटी द्यायचेत तो पेट्रोलचा हिशोब करतो होय? – विश्रामबाग, सांगली

काका, तुमचा प्रश्न सगळ्यात खरा आहे आणि त्याचं उत्तर गिऱ्हाइकाकडं नाहीच, युरोपातल्या कायद्याकडं आहे.

तिथं कंपनीला विकलेल्या सगळ्या गाड्यांची मिळून कार्बन डायऑक्साइडची सरासरी एका मर्यादेत ठेवावी लागते. मर्यादेच्या वर गेलं की दर एका ग्रॅमला ९५ युरो दंड, आणि तो एका गाडीला नाही, विकलेल्या प्रत्येक गाडीला गुणून. लाखो गाड्या विकणाऱ्या कंपनीला एकेक ग्रॅम किती महागात पडतो बघा. आता नुसत्या व्ही-एटची गाडी ही सरासरी बिघडवते. तीच गाडी प्लगवाली केली की सरकारी चाचणीत बराचसा प्रवास बॅटरीवर धरला जातो, त्यामुळं २०२४ ला गाडी आली तेव्हा कागदावर या एम-फाइव्हचा आकडा आला किलोमीटरला ३७ ते ३९ ग्रॅम. पेट्रोल म्हणाल तर शंभर किलोमीटरला १.७ लिटर! आपल्या भाषेत लिटरला साठच्या आसपास, स्प्लेंडरवाल्यानं लाजावं असा अ‍ॅव्हरेज, तोही ७२७ घोड्यांच्या गाडीचा. तुम्हीच हसा.

म्हणजे कंपनीपुढं दोनच वाटा होत्या, व्ही-एट सोडायचं नाहीतर व्ही-एट ठेवून त्याच्या गळ्यात बॅटरी बांधायची. त्यांनी दुसरी धरली. वजन वाढलं ते त्यामुळं. मला वजन आवडत नाही हे वर लिहिलंय, पण व्ही-एट वाचलं याबद्दल मी त्यांना नावं ठेवणार नाही. शिव्या द्यायच्याच तर त्या चाचणीच्या पद्धतीला द्या, जी गाडी रोज चार्ज होतेच असं धरून चालते.

तुमच्या कामाचं एक सांगतो. अशा गाड्या आता वरचेवर येतील, एम-फाइव्ह नसली तरी बाकीच्या हायब्रीड येतीलच. बोनेट उघडल्यावर भगव्या रंगाच्या जाड केबली दिसल्या की तिथं पान्हा लावायचा नाही, त्या हाय व्होल्टेजच्या असतात. त्याचं वेगळं शिक्षण असतं, वेगळे हातमोजे असतात, आधी बॅटरीची लाइन तोडायची रीत असते. पोराला ते शिकायला पाठवा, चाळीस वर्षांचं गॅरेज पुढं चालवायचं असेल तर.

प्रश्न : आमचा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा कोइमतूरला, गाव विट्याजवळ. धाकटा भाऊ एम-फाइव्हसाठी हट्टाला पेटलाय. आण्णा मागं बसणार. घ्यावी का, आणि पासिंग इकडं करावं का तिकडं?

पहिलं आण्णांचं बघू. आपल्याकडं चेन्नईच्या कारखान्यात जोडलेली जी साधी फाइव्ह सिरीज मिळते ती लांब व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली आहे, ३१०५ मिलीमीटर. एम-फाइव्ह जर्मनीवरनं तयार होऊन येते, ती लांब केलेली नाही, तिचा व्हीलबेस ३००६. म्हणजे २०२४ मध्ये ७२ लाख ९० हजाराला आलेल्या गाडीत मागं पाय पसरायला जास्त जागा आणि दोन कोटीच्या गाडीत कमी. वर एम-फाइव्हचं सस्पेन्शन कडक. डिक्कीसुद्धा बॅटरीपायी बारीक होऊन ४६६ लिटर झालीय, यात्रेला गावी येताना सगळ्या घराच्या बॅगा बसायच्या नाहीत. आण्णांना विचारून बघा, ते काय म्हणतील ते मला इथनं ऐकू येतंय.

भाऊ स्वतः चालवणार असेल, आण्णांसाठी घरात दुसरी गाडी असेल, तर घ्या, कमावलंय तर हौस कधी करायची. कोइमतूरला रोज शहरातल्या शहरात फिरणं असेल तर बॅटरीवर साठ-सत्तर किलोमीटर पेट्रोल न जाळता होतं. घरच्या १५ अँपिअरच्या पॉइंटला लावली तर साडेअठरा युनिटची बॅटरी भरायला रात्र जाते, सकाळी तयार. हे न करता नुसती पेट्रोलवर पळवणार असाल तर अर्धा टन फुकटचा वाहायचा.

पासिंगचं सरळ आहे, गाडी वर्षभर जिथं राहणार तिथलं करा. महाराष्ट्रात टॅक्सची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासनं २० लाखाची ३० लाख झालीय, एवढ्या किमतीच्या गाडीला आता वीस लाखाच्या वर टॅक्स बसतो म्हणून बरेच जण बाहेरचं पासिंग करून गाडी इकडंच ठेवतात. कायद्यानं दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर गाडी ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो आणि टॅक्सही भरावा लागतो. तुमची गाडी खरोखरच कोइमतूरला राहणार असेल तर तिकडचा नंबर योग्यच, दिवाळीला गावी आणली म्हणून कुणी काही म्हणणार नाही. एमएच दहाचीच प्लेट पाहिजे असा हट्ट असेल तर मग गाडी पण इकडंच ठेवा.

प्रश्न : एम-फाइव्ह का एएमजी सी-६३? मित्रांच्यात पैज लागलीय. – कराड

पैज कशावर लावली ते लिहायचं की! मर्सिडीजची सी-६३ पण नोव्हेंबर २०२४ मध्येच आली, १ कोटी ९५ लाखाला, आणि तिच्यावर जे झालं त्यापुढं एम-फाइव्हवरचा गदारोळ म्हणजे लग्नातली कुरबुर. मर्सिडीजनं त्या गाडीचं आठ सिलिंडरचं चार लिटरी इंजिन काढून टाकलं आणि दोन लिटरचं चार सिलिंडर बसवलं, मोटर जोडून ६८० हॉर्सपॉवर केली. आकड्यात जुनीला मागं टाकते, १०२० न्यूटन मीटर टॉर्क आहे. पण सी-६३ लोक घ्यायचे ते त्या घुमणाऱ्या आवाजासाठी, आकड्यासाठी नाही. बॅटरीवर जेमतेम १३ किलोमीटर जाते, म्हणजे ती बॅटरी जोर द्यायला आहे, पेट्रोल वाचवायला नाही, आणि एवढं करून गाडी २१०० किलोच्या वर गेलीच. वजन पण वाढलं आणि आवाज पण गेला. एम-फाइव्हवाल्यांचं निदान एकच गेलं. माझं मत एम-फाइव्हला, पैज जिंकला असाल तर कळवा.

प्रश्न : आमच्या रस्त्यावर खाली घासेल का? – तासगाव

घासायचं गणित दोन गोष्टींवर असतं, पोट किती उंच आणि दोन चाकांच्या मधलं अंतर किती. तीन मीटरच्या वर व्हीलबेस असला की गावात शिरताना जे मंडळानं स्वखर्चानं घातलेले उंच आणि अरुंद स्पीडब्रेकर असतात, त्यांच्यावर पोट टेकायची भीती कुठल्याही लांब सेडानला असते, एम-फाइव्ह त्यात जरा जास्त. तिरकी घालायची, एकेक चाक चढवायचं, मागचा हॉर्न वाजवतो वाजवू दे.

पण मला जास्त भीती टायरची वाटते. पुढं २० इंची रिम आणि मागं २१ इंची, मागच्या टायरची भिंत ३५ प्रोफाइलची, म्हणजे रिम आणि खड्डा यांच्या मध्ये बोटभर लांबीचं रबर. पुढचा मागं बसत नाही, मागचा पुढं बसत नाही. सांगली-पेठ रस्त्यावर ज्यांनी इतकी वर्षं भोगलं त्यांना पुढचं सांगायची गरज नाही, आणि हायवेला सातारा ते कागल सहापदरीचं काम चालू असताना डायव्हर्जनला रात्री अचानक कडा येतात तिथं तर साधे टायर फुटतात. असला टायर तासगावात सोडा, सांगलीतही लगेच मिळेल या भरवशावर राहू नका. रुंदीचं पण बघा, आरसे सोडून १९७० मिलीमीटर. गणपती पेठेत माल उतरवायला टेम्पो उभा असताना घालून बघा म्हणजे कळेल.

प्रश्न : खरा अ‍ॅव्हरेज किती? – सांगलीवाडी

रोज चार्ज करून सांगली-मिरज केलं तर पेट्रोलचा काटा हलायचा नाही. बॅटरी संपल्यावर हायवेला पाय दाबलात की व्ही-एट जे पितं तेच पिणार, वर जास्तीच्या वजनाचं. टाकी ६० लिटरची आहे. पेट्रोल ९५ किंवा वरच्या ऑक्टेनचंच घाला.

प्रश्न : नवी परवडत नाही, जुनी म्हणजे २०१८ नंतरची सेकंडहँड एम-फाइव्ह बघतोय. चूक करतोय का? – सातारा

अजिबात नाही, या सगळ्या पत्रांत मला तुमचाच हेवा वाटला. हलकी, बॅटरी नाही, आणि नवीच्या वजनावर रुसलेली मंडळी आता हिच्याकडं वळतायत म्हणून चांगली गाडी दिसली तर फार घोळ घालू नका. फक्त कंपनीच्या सर्व्हिसची पूर्ण नोंद मागा, आणि ब्रेक डिस्कची जाडी मोजून घ्या, नुसत्या डोळ्यानं बघून नाही. चारी टायरवर बनवलेल्या तारखेचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, ते वाचा. टायर जुने निघाले तर चार टायरचा खर्च किमतीतनं वजा करूनच बोलणी सुरू करा. आणि ज्याच्याकडनं घेताय तो तुम्हाला बॉनेट गरम असताना गाडी दाखवत असेल तर 'उद्या सकाळी येतो, तोपर्यंत चालू करू नका' म्हणा, गार इंजिन स्टार्ट होताना काय काय बोलतं ते ऐकायचं असतं.